सुरुवात चाकापासून: ठोकळ्यांची धावणारी काळी-पिवळी पद्मिनी

मोटर घातलेली ठोकळ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच कारणाने अडते: बांधणारा दिसणाऱ्या भागापासून सुरुवात करतो. बॉनेट झालं, काचा झाल्या, टप चढला, आणि मग मोटर, बॅटरी, गिअर कुठे कोंबायचे याची शोधाशोध सुरू होते. माझी पहिली गाडी अशीच झाली होती. दोन आठवडे खपून केलेली बॉडी एका संध्याकाळी उकलून पुन्हा डब्यात गेली, कारण बॅटरीचा डबा आत जाईना आणि टप काढायची सोयच ठेवलेली नव्हती.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी चाक, त्यावरून प्रमाण, मग मागची ॲक्सल, चासी, स्टिअरिंग, बॅटरी आणि बॉडी अगदी शेवटी. उदाहरणाला मुंबईची टॅक्सी, प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. हौस आहेच, पण सोयही आहे. काळे आणि पिवळे भाग लेगोच्या टेक्निक मालिकेच्या (बीम, गिअर, ॲक्सलवाल्या) कुठल्याही जुन्या डब्यात ढिगाने सापडतात. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे वळणारी चाकं वेगळी आणि ओढणारी वेगळी. पहिल्या प्रयत्नाला हे फार सोपं पडतं. आणि पुढची सीट सलग बाकासारखी, तिच्याखाली बॅटरी लपते. दुसरी गाडी घेतलीत तरी टप्पे हेच, फक्त मापं बदलतील.

टेबलावर आधी काय हवं

लेगोच्या मापात एक स्टड, म्हणजे विटेवरच्या शेजारच्या दोन गोल उंचवट्यांमधलं अंतर, ८ मिमी. बीमवरच्या, म्हणजे भोकांच्या पट्टीवरच्या, भोकांमधलं अंतर हेच. साधी वीट मात्र ९.६ मिमी उंच आणि प्लेट, म्हणजे पातळ वीट, ३.२ मिमी. बॉडी चढवताना हे तीन आकडे पुन्हा लागतील, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा.

पिनांची रंगावरून आधीच वाटणी करा. काळी छोटी पिन आणि निळी तीन स्टडची पिन या घट्ट बसतात, त्या सांगाड्यासाठी. राखाडी छोटी पिन आणि फिकट तपकिरी लांब पिन मोकळ्या फिरतात, त्या फक्त हलणाऱ्या सांध्यांसाठी. स्टिअरिंगच्या सांध्यात काळी पिन घातली की गाडी सरळ येतच नाही, आणि मग दोष सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरवर, जातो.

मोटर दोन पिढ्यांच्या मिळतात. जुनी पॉवर फंक्शन्स, जिचा रिमोट टीव्हीसारखा इन्फ्रारेडवर चालतो. आणि नवी पॉवर्ड अप, जी ब्लूटूथने फोनशी बोलते. दोघींचे प्लग एकमेकांत बसत नाहीत. मोटर एका पिढीची आणि बॅटरी दुसऱ्या पिढीची अशी खरेदी करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. पॉवर फंक्शन्सच्या तीन मोटरींचा वेग, ९ व्होल्टवर आणि काही लोड नसताना, साधारण असा: एम मिनिटाला ४०० फेरे, एल ३९० आणि एक्सएल २२०. एम आणि एल वेगात जवळजवळ सारख्याच, पण जोर एलमध्ये कितीतरी जास्त. या गाडीला एल घ्या. एम मोटर नुसती चासी पळवते आणि बॉडी चढवली की मान टाकते.

बाकी सामान: मिमीची पट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि गाडीचा बाजूने काढलेला एक फोटो. ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ही टॅक्सी उरलेली नाही, त्यामुळे फोटो बहुधा शोधावाच लागेल. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं आणि डिकी आक्रसते.

*तपासणी:* फोटोतल्या पुढच्या आणि मागच्या चाकाचा व्यास पट्टीने मोजा. दोन्ही सारखे आले तरच त्या फोटोवरून मापं घ्या.

*सावधान:* वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे भाग मिसळत असाल तर एका लांब ॲक्सलवर आठ-दहा बीम ओवा आणि ॲक्सल बोटांनी फिरवा. ज्या बीममुळे ती जड होते तो चाकाच्या जवळपास वापरू नका. बॉडीत चालेल.

टप्पा १: चाक निवडा, प्रमाण आपोआप ठरेल

विटा कितीही जोडता येतात, पण टायर मोजक्याच मापांत मिळतात. त्यामुळे प्रमाण आपण ठरवत नाही, टायर ठरवतो. आधी १:१० ठरवून मग टायर शोधणारा हमखास फसतो.

पद्मिनीचं चाक टायरसकट साधारण ६० सेंमी धरू. हाताशी ४९.५ मिमी व्यासाचा, २० मिमी रुंद टायर असेल तर ६०० ÷ ४९.५, म्हणजे जवळजवळ १२. प्रमाण झालं १:१२. आता बाकीची मापं त्याच आकड्याने भागा आणि पुन्हा ८ ने भागून स्टड काढा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १९५ मिमी, म्हणजे २४ स्टड. रुंदी १४६० मिमी, म्हणजे १५ स्टड. लांबी साधारण ३.९ मीटर, म्हणजे ४०-४१ स्टड. उंची १५ स्टडच्या आसपास.

६२.४ मिमीचा टायर घेतला तर हीच गाडी १९ स्टड रुंद आणि ५१ स्टड लांब होते. दिसायला सुरेख, पण वजन आणि भागांचा खर्च दोन्ही बेसुमार वाढतात. पहिल्यांदा बांधणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: रुंदी विषम आकड्याची हवी. मोटरकडून मागे जाणारा दांडा आणि डिफरेन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) गाडीच्या बरोब्बर मधल्या रेषेवर असतात. रुंदी १५ असेल तर ती रेषा आठव्या भोकातून जाते. रुंदी १४ किंवा १६ असेल तर ती दोन भोकांच्या मधून जाते, आणि तिथून पुढे सगळा कारभार अर्ध्या स्टडच्या जुगाडांवर चालतो. गणितात १४.४ आलं तर १५ करा. दर बाजूला अडीच मिमीचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

खऱ्या गाडीचा टायर अगदी अरुंद आहे. या प्रमाणात तो ११ मिमीचा हवा, आपला २० मिमीचा आहे. याला इलाज नाही. चाक मडगार्डच्या थोडं आत घ्या, जाडी झाकली जाते.

टप्पा २: मागची ॲक्सल आणि गिअर

सगळा खेळ इथे आहे. या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढचा भाग हातात घेऊ नका.

डिफरेन्शियल ५×७ च्या बंद चौकटीत बसवा. दोन्ही बाजूंच्या अर्ध्या ॲक्सली चौकटीच्या लांब बाजूंच्या मधल्या भोकांतून बाहेर येतात आणि मोटरचा दांडा आखूड बाजूच्या मधल्या भोकातून आत येतो. चौकट एकसंध असल्यामुळे हे तिन्ही दांडे एकमेकांपासून हलू शकत नाहीत. हेच सुट्या बीमांनी जोडून केलं की लोड आल्यावर बीम केसभर फाकतात आणि गिअरचे दात एकमेकांवरून उड्या मारतात. तो कटकट आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

डिफरेन्शियलच्या कडेवर २८ दात असतात. त्याला फिरवणारा छोटा गिअर १२ दातांचा घेतला तर मोटरच्या २.३३ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा. आपल्या टायरचा घेर १५५ मिमी. म्हणजे एल मोटरवर गाडी लोडशिवाय मिनिटाला २६ मीटर, ताशी दीड किलोमीटरच्या किंचित वर. हा वेग १२ ने गुणला तर गाडीच्या मापात ताशी १९ किमी येतात. संध्याकाळी सहाला दादरहून निघालेल्या टॅक्सीला तेवढाच मिळायचा. २० दातांचा गिअर लावला तर वेग दीडपटीहून जास्त वाढतो, पण जोर त्याच हिशोबाने कमी होतो आणि दाराचा उंबरा किंवा सतरंजीची कड आली की गाडी थबकते. आधी १२ दात लावा. गाडी चालायला लागली की मग वेगाचा मोह करा.

दुसरे गिअर मध्ये घालायचे असतील तर कोणती जोडी किती अंतरावर बसेल हे पाठ करायची गरज नाही. सरळ दातांच्या दोन गिअरचे दात मिळवा आणि १६ ने भागा. उत्तर स्टडमध्ये येतं. ८ आणि २४: दोन स्टड. १६ आणि १६: दोन. ८ आणि ४०: तीन. १६ आणि २४ मात्र अडीच, म्हणजे सरळ बीमच्या भोकांवर ही जोडी बसणार नाही. ती बळेच बसवून बीम वाकवणं ही दुसऱ्या क्रमांकाची लाडकी चूक.

मोटर कुठे ठेवायची? खऱ्या गाडीचं इंजिन पुढे आहे म्हणून मोटरही बॉनेटखाली ठेवावी असं वाटतं. ठेवू नका. प्लॅस्टिकचा लांब दांडा जोर आला की पिळवटतो. मोटर सुरू होते, चाक क्षणभर थांबतं आणि मग गाडी धक्का मारून निघते. मोटर मागच्या सीटखाली, डिफरेन्शियलच्या लगेच पुढे ठेवा आणि दांडा होईल तितका आखूड ठेवा. मोटरचं तोंड आणि चौकटीचं मधलं भोक एकाच उंचीवर, एकाच रेषेत हवं. एकाच रेषेत येत नसेल तर १६-१६ची एक जोडी मध्ये घाला. दांडा तिरका घालून भागवू नका.

आता बुश, म्हणजे ॲक्सलवर घट्ट सरकणारी छोटी कडी. छोट्या गिअरच्या पाठीमागे बुश हवाच, कारण काटकोनात फिरणारे गिअर एकमेकांना दूर ढकलतात. पण बुश बीमवर गच्च दाबला की तोच ब्रेक होतो. बुश पूर्ण दाबा आणि मग नखाने केसभर मागे ओढा. मध्ये कागद सरकेल इतकी फट पुरते. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरला लागून, ॲक्सलला आधार द्या. आधार लांब राहिला तर गाडीच्या वजनाने चाकं फेंगडी होतात आणि टायरची आतली कड बीमला घासते.

*तपासणी, मोटर लावण्याआधी:*
मोटरकडचा दांडा बोटात धरून ठेवा आणि एक चाक पुढे फिरवा. दुसरं चाक तेवढंच मागे फिरायला हवं.
दांडा सोडा, दोन्ही चाकं एकदम टिचकीने फिरवा. हात काढल्यावर ती थोडी स्वतःहून फिरत राहिली पाहिजेत. लगेच थांबत असतील तर एकेक बुश सैल करत कारण शोधा.

*सावधान:* हाताने जड फिरणारी ॲक्सल मोटर लावल्यावर हलकी होईल, असं कधीच होत नाही. मोटर फक्त दोष झाकते आणि बॅटरी संपवते.

टप्पा ३: चासी

लेगोचा सरळ बीम १५ भोकांपर्यंतच लांब असतो आणि आपल्याला चाकांमध्येच २४ स्टड हवेत. म्हणजे जोड येणारच. जोडताना दोन बीम किमान पाच भोकं एकमेकांवर चढवा आणि तीन पिना मारा. एका पिनेचा जोड ही बिजागरी. दोन लगतच्या पिनांचा जोड ही सैल बिजागरी. डावीकडचा आणि उजवीकडचा जोड समोरासमोर येऊ देऊ नका. डावा जोड पुढच्या सीटखाली असेल तर उजवा मागे सरकवा, नाहीतर गाडी बरोबर मधोमध वाकते.

एकाच थराची चासी कितीही आडव्या बीमांनी बांधली तरी पिळवटते. दोन थर करा, मध्ये मोटर बसेल एवढी उंची सोडा आणि दोघांना उभ्या बीमांनी बांधा. मोटर या दोन थरांच्या मध्ये येते आणि तिच्या अंगावरच्या भोकांत पिना मारल्या की मोटर स्वतःच सांगाड्याचा भाग होते.

खालचा थर किती खाली न्यायचा तेही बघा. टायरची त्रिज्या २५ मिमी आणि डिफरेन्शियलची साधारण १५, म्हणजे त्याच्याखाली जेमतेम सेंटिमीटरभर जागा उरते. चासीचा कुठलाही भाग याहून खाली उतरता कामा नये. लोंबणारी वायरसुद्धा नाही.

सस्पेन्शनबद्दल माझं मत कडक आहे: पहिल्या गाडीत नको. स्प्रिंग आल्या की ॲक्सल वरखाली होते, दांड्याला सांधा लागतो, चौकट मोकळी सोडावी लागते, आणि आत्ता जमवलेली घट्ट बसणी सगळी सैल होते. फरशीवर चालणाऱ्या टॅक्सीला त्याची गरजही नाही.

*तपासणी:* चासीची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि ओला टॉवेल पिळल्यासारखी हलकेच पिळा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी मागची चाकं फिरवायला सांगा. पिळताना चाक अडलं किंवा गिअर कटकटला तर जोड कमी पडताहेत.

टप्पा ४: स्टिअरिंग

इथे चूक हातांची नसते, क्रमाची असते. लोक सर्व्हो मोटर आधी बसवतात, दातेरी पट्टी जोडतात, चाकं सरळ करतात आणि मग बॅटरी लावतात. बॅटरी लागताच सर्व्हो आपल्या मध्यावर जाते, चाकं मात्र एकीकडे वळून बसतात.

बरोबर क्रम असा:

१. सर्व्हो सुटी असतानाच बॅटरी आणि रिसीव्हरला जोडा, चालू करा, रिमोट सोडून द्या. ती मध्यावर येईल.
२. तशीच ठेवून तिच्या तोंडावर ॲक्सल आणि ८ दातांचा गिअर बसवा.
३. दातेरी पट्टी गाडीच्या मधोमध आणा, चाकं सरळ करा आणि मगच सर्व्हो चासीत सरकवा.

पॉवर्ड अपमध्ये वेगळी सर्व्हो नसते; त्याच मोटरीला ॲप कोन सांगतं. तिला दोन्ही टोकांना ठोस अडथळा द्यावा लागतो, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जाऊन ती मध्य शोधू शकते. टायर कुठेतरी घासून चाक थांबत असेल तर तो अडथळा धरायचा नाही, कारण रबर दबतं आणि मध्य दर वेळी सरकतो.

वळण किती मिळेल? पॉवर फंक्शन्सची सर्व्हो मध्यापासून एका बाजूला ९० अंश फिरते. ८ दातांचा गिअर तेवढ्यात दोन दात पुढे जातो, म्हणजे पट्टी साधारण ६ मिमी सरकते. चाकाच्या सांध्यापासून पट्टीपर्यंतचा हात दोन स्टडचा असेल तर चाक २३ अंश वळतं आणि गाडीला वळायला साधारण मीटरभर रुंद जागा लागते. १२ दातांचा गिअर लावला तर कोन ३५ अंशांच्या पुढे जातो, पण मग टायर मडगार्डला लागतो आणि सर्व्होची उंचीही बदलावी लागते. मी ८ वरच राहिलो. जास्त वळण हवं असेल तर मॉडेल मोठ्या टायरचं घ्यावं. या १५ स्टडांत तेवढी जागा नाही.

चाक ज्या उभ्या सांध्यावर वळतं तो टायरपासून जितका लांब, तितकं चाक जागच्या जागी न वळता कमान काढत पुढेमागे फिरतं. सांधा टायरच्या जितका आत नेता येईल तितका न्या. मागच्या चाकाला सात स्टडची मोकळी कमान पुरते. पुढच्याला आठ लागतात.

*तपासणी:* गाडी टेबलावर जोरात दाबून धरा आणि पूर्ण डावं, पूर्ण उजवं वळण द्या. मग रिमोट सोडा. दहापैकी दहा वेळा चाकं सरळ यायला हवीत. एखाद्या वेळी येत नसतील तर सांध्यात कुठेतरी काळी पिन शिरली आहे.

टप्पा ५: बॅटरी, रिसीव्हर, वायरी

पेन्सिल सेलचे सहा नग भरले की सेलांचंच वजन दीडशे ग्रॅमच्या जवळ जातं. एवढं वजन बॉनेटमध्ये ठेवलं तर मागची चाकं फरशीवर घसरतात. डबा पुढच्या सीटच्या जागी, शक्य तेवढा खाली आणि मागच्या चाकांकडे झुकता ठेवा. वरून सपाट काळ्या टाइल लावल्या की तीच पद्मिनीची बाकासारखी सीट होते.

*सावधान:* डबा बसवण्याआधी स्वतःला विचारा, सेल बदलायला काय काय काढावं लागेल? उत्तर एकापेक्षा जास्त वस्तूंचं असेल तर रचना चुकली. बॉडीचं एक टोक उचललं की डबा हाताला लागला पाहिजे, आणि चालू-बंदची कळ बॉडी न काढता बोटाला लागली पाहिजे.

इन्फ्रारेड रिसीव्हरच्या वरची काळी घुमटी उघडी हवी, कारण रिमोट आणि ती यांच्यामध्ये काही आलं की गाडी ऐकत नाही. उन्हातही ती गोंधळते, म्हणून गच्चीवर दुपारी गाडी चालत नाही अशी तक्रार करू नका. टॅक्सीला यावर छान उपाय मिळतो. टपावर सामानाचं कॅरिअर असायचंच. त्याच्या गजांमध्ये घुमटी बसवली की ती दिसत नाही आणि चारही बाजूंनी मोकळी राहते. फक्त मग रिसीव्हर बॉडीबरोबर उचलला जाणार, तेवढी वायर लांब ठेवा.

वायरी चासीच्या दोन थरांमधून न्या आणि फिरणाऱ्या दांड्यापासून किमान एक स्टड लांब बांधा. उरलेली वायर गुंडाळून मोटरच्या बाजूच्या पोकळीत.

टप्पा ६: बॉडीशिवाय धाव

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. गाडी दिसायला कुरूप असते, पण आत्ता सापडलेला दोष पाच मिनिटांत निघतो. बॉडी चढल्यावर त्याला रविवार जातो.

चासी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. बॉडी साधारण ४०० ग्रॅमची होईल असं धरा. तेवढी साखर पिशवीत भरा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा, मधोमध ठेवून रबराने बांधा, आणि गाडी फरशीवर दहा मिनिटं चालवा. पुढे, मागे, दोन्हीकडे वळून, आणि एकदा सतरंजीवरून.

साखरेसकट गाडी सहज निघाली तर मोटर आणि गिअर बरोबर. मोटर घुरघुरते पण चाक फिरत नाही, असं झालं तर लगेच बंद करा. अडलेली मोटर तापते आणि आतली संरक्षक योजना वीज तोडते. मग गाडी मेली असं वाटतं, पण थंड झाली की पुन्हा चालते. हे दोनदा झालं तर सुटका म्हणून नव्या सेलकडे धावू नका, टप्पा २ कडे परत जा.

सरळ जाताना गाडी एकीकडे ओढत असेल तर आधी मागची दोन्ही चाकं उचलून फिरवा. एक जड असेल तर दोष बुशचा. दोन्ही सारखी असतील तर स्टिअरिंगची पट्टी एक दात सरकली आहे.

टप्पा ७: बॉडी

आता कुठे काळा-पिवळा डबा उघडा.

बॉडी चासीवर सहा ठिकाणी टेकू द्या, पण पक्की फक्त चार ठिकाणी करा, टोपी असलेल्या लांब पिनांनी. चार पिना ओढल्या की सगळी बॉडी एका तुकड्यात वर यायला हवी.

चासी बीमची आणि बॉडी विटांची असली की उंची जुळत नाही, कारण बीम ८ मिमीच्या पटीत चढतो आणि वीट ९.६ च्या. यावर दोन जुळण्या लक्षात ठेवा. पाच प्लेटा म्हणजे १६ मिमी, बरोबर दोन स्टड. आणि भोकाच्या दोन विटांमध्ये दोन प्लेटा घातल्या की त्यांच्या भोकांमधलं अंतरही १६ मिमी, म्हणजे उभा बीम दोन्हीकडे पिनेने बसतो. भोकं जुळत नसताना पिन दाबून बसवली तर सुरुवातीला बसते, महिन्याभराने बीम पांढरा पडतो.

क्रम असा ठेवा: आधी चारही चाकांच्या कमानी, मग दोन कमानींना जोडणारा दारांखालचा पट्टा, मग पुढचं आणि मागचं तोंड, दारं, आणि शेवटी काचांच्या चौकटी व टप. कमानी आधी का? कारण त्यांची जागा चाकांनी ठरवून दिली आहे, बाकी सगळं थोडं इकडेतिकडे सरकू शकतं. जाळीपासून सुरुवात करणारे मागे पोचतात तेव्हा शेवटची कमान अर्धा स्टड चुकलेली असते.

भिंती भरीव करू नका. एक विटेची जाडी आणि आत मोजके बीम पुरे. साखरेच्या ४०० ग्रॅमवर गेलात तर टपातले भाग आधी कमी करा. वरचं वजन वळताना सगळ्यात जास्त त्रास देतं.

दिसण्यापुरत्या दोन-तीन गोष्टी पुरतात, त्यावर गाडी लगेच ओळखू येते. पुढे २×२ चे गोल दिवे, मागे मडगार्डच्या टोकाला उतरत्या विटांनी केलेले छोटे उभे पंख, टप पिवळा आणि खाली सगळं काळं. आणि पुढच्या काचेशेजारी डाव्या हाताला बाहेरच्या बाजूला मीटर. माझा मीटर दोन १×१ च्या प्लेटांचा आणि एका छोट्या टाइलचा आहे. टाइल फिरते, म्हणजे मीटर डाऊन करता येतो. यासाठी मी उघडणारी दारं सोडून दिली. दाराच्या बिजागऱ्या आणि दोन थरांची चासी या १५ स्टडांत एकत्र नांदत नाहीत.

*तपासणी:* बॉडी चढवून पूर्ण वळण दोन्हीकडे. टायरवर खडूची रेघ मारा आणि पुन्हा वळवा. कमानीच्या आत खडू लागला तर तिथली एक प्लेट काढा.

धावल्यानंतर

पहिल्या तासाभरात पिना थोड्या बाहेर सरकतात. गाडी उलटी करून मागच्या चौकटीच्या आणि मोटरच्या पिना पुन्हा दाबा. नंतर महिन्यातून एकदा पुरतं. ॲक्सलवर केस आणि सतरंजीचे धागे गुंडाळले जातात. ते बुश आणि बीम यांच्यामध्ये शिरले की गाडी हळूहळू जड होत जाते आणि कारण कळत नाही. चिमटा वापरा, बुश काढून पुसा. तेल, ग्रीस काही लावू नका, धूळ चिकटून अवस्था आणखी वाईट होते.

पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे सहा मिळून ७.२. साध्या सेलांचे ९ होतात. त्यामुळे गाडी थोडी मंद वाटेल, बिघडलेली नसेल. आणि गाडी कपाटात ठेवणार असाल, खास करून पावसाळ्यात, तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने डब्याच्या पट्ट्या हिरव्या होतात, आणि तो डबा सुटा घ्यायचा तर महाग पडतो.